दोन श्रावण, दोन घोटे

आमच्या उज्जैनला श्रावण दोनदा लागतो. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्याच दिवशी हिंदीवाल्यांचा सावन सुरू, आणि आमचा मराठी श्रावण दिव्याची अवस उलटल्यावर, पंधरवडाभर मागून. त्या मधल्या दिवसांत आमच्या जिन्यात मोठी गंमत असते. समोरच्या भाभींकडे उपास आणि फलाहार, आमच्याकडे अजून आषाढ तळणं चाललेलं. कापण्यांचा वास त्यांच्या दारात जातो आणि त्या बिचाऱ्या विचारतात, "दीदी, आपका सावन कब लगेगा?" पुढे राखी बांधून त्यांचा सावन संपतो तेव्हा आमचा जेमतेम अर्धा झालेला असतो. महाकाल मात्र सगळ्यांचा. त्याची सोमवारची पालखी, म्हणजे सवारी, दोन्ही श्रावणांना पुरते, आमचा महिना संपत येईपर्यंत निघत राहते. असा सगळा मिळून दीड महिना हे गाव ओलं, गर्दीचं आणि बेलाच्या वासाचं होऊन जातं.

यंदाही ते झालंय. टावर चौकात बेलाच्या टोपल्या आल्यात, निखाऱ्यावर भुट्टे तडतडतायत, सिंहस्थाच्या तयारीत अर्धा रस्ता उकरून ठेवलाय आणि त्या चिखलातून भगव्या कपड्यांतले लोक अनवाणी चाललेत. हे सगळं मी यंदा पाहिलं म्हणून सांगतेय. एरवी मी श्रावणाची शोभा बघतच नसे. मी खाली बघून चालायची. लग्न होऊन या गावात आले त्याच वर्षापासून, तीस वर्षं. कुठल्या गल्लीतली फरशी डुगडुगते, राम घाटाच्या कुठल्या पायरीवर शेवाळं धरतं, कुठल्या दुकानासमोर नालीचं झाकण वर आलंय, ते मला तोंडपाठ. माणसं ओळखायला मी चुकते, चपला बरोबर ओळखते. शाळेत शिकवायचे तेव्हा पालक म्हणायचे, मॅडमला फार गर्व आहे, रस्त्यात बघून न बघितल्यासारखं करतात. गर्व कसला डोंबलाचा. माझा उजवा घोटा आहे तो.

त्याचा स्वभाव सांगते. सपाट रस्ता असावा, हवा छान असावी, मी आपल्या तंद्रीत असावं, आणि पायाखाली हरभऱ्याएवढा खडा यावा. घोटा लगेच आत वळतो. पाऊल बाहेरच्या कडेवर जातं, हात हवेत काहीतरी धरायला जातो. मग मी सावरते, आजूबाजूला कोणी पाहिलं का ते बघते आणि काही झालंच नाही अशा तोऱ्यात पुढे चालू लागते. कधी सूज येते, कधी येत नाही. दुखणं एवढं नसतंच. भरवसा नसतो, हे खरं दुखणं आहे. आपल्याच पायावर आपला विश्वास नसला की माणूस हळूहळू लहान लहान फेरे मारायला लागतो. मी सवारी बघायला रस्त्यावर जाणं सोडलं, कारण गर्दीत धक्का लागतो. घाटावर जाणं सोडलं. आणि फुगडी सोडली. फुगडी सोडल्याचं मला सगळ्यात जास्त लागलं.

फुगडी खाली बघून घालता येत नाही. पावलाला पाऊल भिडवायचं, हातांची अढी घालायची, मागे रेलायचं आणि समोरचीच्या तोंडाकडे बघायचं. नजर पायाकडे गेली की गरगरायला लागतं. ज्या बाईला पायांवरून नजर काढायची भीती वाटते तिने फुगडी कशी घालावी?

लग्नाआधी मी देवासची. तिथे माझं नाव होतं फुगडीत. अंगाने मी भलतीच लवचीक. अंगठा मागे वळवला की मनगटाला टेकायचा, शाळेतल्या पोरी बोरं देऊन ते बघायच्या. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून वेतासारखी वाकते हो." कौतुकच होतं ते. सांधे असे सैल असले तर घोटा वळायलाही सैलच असतो, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात आलं असतं? मला स्वतःला ते समजलं गेल्या वर्षी.

माझी पहिली मंगळागौर शेवटच्या मंगळवारी ठरली होती. त्याच्या थोडं आधी राम घाटावर पत्री सोडायला गेले, पायऱ्या ओल्या, चपला नव्या, आणि शेवटच्या पायरीवर पाय मुरगळला. कमलआत्या बरोबर होत्या. कमलआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, इंदूरला दिलेली, आणि घरातल्या सगळ्या बायकांची हायकमांड. त्यांनी मला रिक्षात घालून सरळ एका आखाड्यात नेलं. पहलवानाने पाय मांडीवर घेतला, मोहरीच्या तेलाने चोळ चोळ चोळला, आणि माझं बोलणं चालू असतानाच असा काही हिसका दिला की डोळ्यांपुढे काजवे. कट्ट आवाज आला. सगळे खूश. "उतर गई मोच," पहलवान म्हणाला. घरी येऊन आंबेहळदीचा लेप, वरून घट्ट फडकं. मंगळवारी पाय फारसा दुखत नव्हता. मग काय, नऊवारी खोचली आणि झिम्मा, पिंगा, बसफुगडी, कोंबडा, सगळं केलं. बायका म्हणाल्या, काय काटक सून आहे. त्या कौतुकाने मी हवेत होते. यात कोणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पाय सगळ्यांचेच मुरगळायचे आणि सगळ्यांचेच असेच उतरायचे. फक्त त्या वर्षानंतर माझा घोटा माझा राहिला नाही.

गेल्या वर्षी माझ्या घरात सून आली. शिवानी. माहेर तराण्याचं, घरात मालवी आणि हिंदी, मराठीचा गंध नाही. माझ्या मुलाशी लग्न ठरलं तेव्हा तिने एकच गोष्ट सांगितली, की मी पोलीस भरतीची तयारी करतेय आणि ती मी सोडणार नाही. लेखी परीक्षा ती पास झाली होती. हिवाळ्यात शारीरिक चाचणी व्हायची होती: दौड, लांब उडी, गोळाफेक. मी तिला विचारलं, पोलीसच का? तर म्हणाली, लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून सवारी बघायला आले होते. मंदिराच्या दारात पालखी आली आणि पोलिसांनी बंदुका उचलून सलामी दिली. "मम्मीजी, उस दिन से मुझे पहले वर्दी दिखती है, भगवान बाद में." मला ही मुलगी त्या क्षणी आवडली. इतकी वर्षं लोक माझ्याशी देवाबद्दल खोटं बोलत आलेत, ही खरं बोलली.

मंगळागौरीचे खेळ शिकायची हौस तिचीच. पहाटे मैदानावर पळायची, दिवसभर कोचिंगमध्ये बसायची, आणि संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात सतरंजी घालून कमलआत्यांकडून खेळ शिकायची. आत्या तिच्यासाठी मुद्दाम इंदूरहून राहायला आल्या होत्या. हिंदी सावन नुकताच लागला होता. त्या संध्याकाळी पोरगी दमली होती, मला दिसत होतं. पायात बळ नव्हतं पण तोंडात "एक बार और" होतं. कोंबड्याची उडी मारली आणि पाऊल आलं सतरंजीच्या दुमडलेल्या काठावर. मी स्वयंपाकघरात होते. मला तो आवाज ऐकू आला नाही, पण त्यानंतरची शांतता ऐकू आली. धावत आले तर ती जमिनीवर बसलेली, घोटा दोन्ही हातांनी धरलेला, आणि चेहऱ्यावर हसू. "कुछ नहीं मम्मीजी, कुछ नहीं."

ते "कुछ नहीं" मी ओळखलं. शेवटच्या पायरीवर बसून मीही तेच म्हणाले होते, मराठीतून. मी एकदम भडकले. राग कोणावर होता सांगता येत नाही, पण मनात एक गोष्ट पक्की झाली: माझा घोटा या घरात वारशाने जाणार नाही.

"पहलवानाचा मुलगा बसतो आता आखाड्यात," आत्या म्हणाल्या. "उद्या सकाळी नेऊन आणू. अगं, घाबरून काय राहिलीस? अजून आपला श्रावण लागलासुद्धा नाही. शेवटच्या मंगळवारपर्यंत घोड्यासारखी पळेल."

आमच्या लोकांची ही जुनी खोड आहे. सावनचे पहिले पंधरा दिवस आम्ही धरतच नाही. शेजारी उपास करून वाळतात, सवारी निघते, सगळं गाव श्रावणात असतं, आणि आम्ही म्हणतो, अजून वेळ आहे, आपला कुठे लागलाय. फुकटात मिळालेले दिवस म्हणून त्यात काहीही बसवतो. त्या पंधरवड्यात लग्नाच्या खरेद्या होतात, गाद्या उसवल्या जातात, आणि पाय बरे होतात असंही आम्ही मानतो. पण मोडलेल्या, ताणलेल्या गोष्टी पंचांग बघून बऱ्या होत नाहीत.

"आत्या, पहलवान नाही," मी म्हटलं. "डॉक्टर."

हाड मोडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी फ्रीगंजमधल्या एका फिजिओ मॅडमकडे पाठवलं. तरुण बाई, केस कापलेले, बोलणं तोडून. शिवानीचा पाय उशीवर ठेवून एकेक प्रश्न विचारत गेली. पहले कभी मुड़ा था? शिवानी म्हणाली, नाही. मग म्हणाली, हां, कॉलेजात कबड्डी खेळताना, पण तो आपोआप बरा झाला. "अपने आप कुछ ठीक नहीं होता," मॅडम म्हणाल्या. "दर्द गया होगा." तपासणी चालू ठेवून त्या सांगत होत्या, मी ऐकत होते. घोट्यातली हाडं बांधणारे बाहेरच्या बाजूचे दोर ताणले जातात. ते दोर फक्त हाड धरून ठेवत नाहीत, पाऊल कसं पडलंय ही खबर डोक्याला देतात. एकदा ताणले गेले की ती खबर उशिरा पोचायला लागते. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळायला सगळ्यात सोपा. त्यात माणूस दमलेलं असलं, जमीन उंचसखल असली, बुटाचे तळवे झिजलेले असले, सांधे मुळातच सैल असले, आणि दुखायचं थांबलं म्हणून लवकर उड्या मारायला लागलं, की मग तो पाय कायमचा डगमगता. माझं आयुष्य कोणीतरी वाचून दाखवतंय असं मला वाटलं.

मग त्या वळल्या. "और आप, आंटी? आप अंदर आईं तो पूरे रास्ते नीचे क्यों देख रही थीं?"

मी म्हटलं, सवय आहे. त्या म्हणाल्या, उभ्या राहा. उजव्या पायावर, डोळे मिटून. मी उभी राहिले आणि डोळे मिटले मात्र, थेट त्यांच्या टेबलावर गेले. पाण्याची बाटली पडली. शिवानी स्वतःचा सुजलेला पाय विसरून मला धरायला उठू लागली तेव्हा मॅडमने तिला दाबून बसवलं. आम्ही गेलो होतो एक पेशंट घेऊन, आलो दोन होऊन.

त्या श्रावणाची आठवण म्हणजे मला आमचा स्वयंपाकघराचा ओटा आठवतो. सूज उतरल्यावर व्यायाम सुरू झाले, आणि ते करायला घरात दुसरी जागा नव्हती. मुलाने जुन्या स्कूटरची ट्यूब कापून दिली, ती पायात अडकवून पाऊल बाहेर ताणायचं. टाचा उचलायच्या. भिंतीला धरून टाच आणि चवडा एका रेषेत ठेवत चालायचं. आणि एका पायावर उभं राहायचं, कुकरची शिट्टी होईपर्यंत. बाहेर पाऊस, पत्र्यावर ताडताड, आत डाळ शिजतेय, आणि आम्ही सासू-सून ओट्याला बोट टेकून एकेका पायावर. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "घरात बगळे पाळलेत वाटतं." शिवानीला बगळा शब्द माहीत नव्हता. समजल्यावर ती इतकी हसली की दोन्ही पाय टेकले. पहिले काही दिवस मी रोज हरायचे. माझ्यापेक्षा अर्ध्या वयाच्या आणि मुरगळलेल्या घोट्याकडून हरायचे आणि मला त्याचा संताप यायचा. मी जात्याच हट्टी आहे. रात्री दात घासतानाही मी एका पायावर उभी राहायला लागले.

नागपंचमी गेली, आणि राखीपर्यंत शिवानीचा पाय दुखायचा थांबला. मॅडमने याच गोष्टीची भीती घातली होती. एका पहाटे मला जाग आली तर ती दारात बूट घालून बसलेली. मी सरळ जाऊन दारासमोर स्टूल टाकलं आणि त्यावर बसले.

"मम्मीजी, अब बिलकुल नहीं दुखता. सच्ची."

"माहीत आहे. मॅडम काय म्हणाल्या? आधी एका पायावर न डगमगता उड्या, मग पळणं. उडी मारून दाखव."

तिने बुटाची नाडी ओढली. मग एकदम रडायला लागली. म्हणाली, तुम्हाला कळत नाही, बाकीच्या मुली रोज मैदानावर आहेत, माझी दौड सुटतेय, इथे मी ट्यूब ओढत बसलेय. आत्याजी म्हणतात मी नाजूक आहे. तराण्याला पप्पा विचारतात, पाय बरा झाला का, मी काय सांगू? ती रडत होती आणि मला तिची दया येत होती. तरी मी स्टुलावरून हलले नाही. मी साडी घोट्यापर्यंत उचलली, उजव्या पायावर उभी राहिले आणि म्हटलं, बघ. घोटा थरथरत होता. बाहेरच्या बाजूला सुजेची जुनी गाठ आहे, ती तिने आधी कधी पाहिली नव्हती.

"हा माझा पाय पण दुखायचा थांबला होता," मी म्हटलं. "असाच. माझ्या मंगळागौरीच्या आधी. मग मी उड्या मारल्या, सगळे खूश झाले. त्यानंतर मी एकदाही वर बघून चालले नाही, शिवानी. तुला सलामी द्यायची आहे ना? ती मान वर करून देतात."

तिने बूट काढले. बुटाचा तळवा बाहेरच्या कडेला पार झिजलेला होता, मला तेव्हा दिसला. त्याच दिवशी तिच्यासाठी नवे बूट आणले आणि मॅडमचा होकार येईपर्यंत ते माझ्या कपाटात राहिले.

मंगळागौर आमच्या श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी होती, फ्रीगंजातल्या एका हॉलमध्ये. हल्ली जागरण कोणाला झेपत नाही, म्हणून दुपारीच खेळ. सकाळी पूजा झाली, सोळा प्रकारच्या पत्री वाहिल्या, शिवानीने कागदावर लिहून आणलेली मराठी आरती घडाघडा म्हटली. जेवणं झाली, सतरंज्या अंथरल्या गेल्या, आणि कमलआत्या कमरेला पदर खोचून म्हणाल्या, "चला, नवी नवरी आधी."

"शिवानी खेळणार नाही," मी म्हटलं.

आत्यांनी मला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोरच बोलल्या. "पहिल्या वर्षी सून खुर्चीत बसली तर शोभतं का? एक फुगडी घातली तर काय आभाळ कोसळणार आहे? तूही घातलीच होतीस की."

"घातली होती," मी म्हटलं. "म्हणूनच सांगतेय. मंगळागौर पाच वर्षं पुजायची असते ना, आत्या? एक वर्ष सून बसली म्हणून गौर काही रुसत नाही, ती पुढची चार वर्षं वाट बघेल. भरतीवाले बघणार नाहीत."

सासरच्या माणसाला मी असं कधी बोलले नव्हते. शिवानी अर्धवट उठली, "मम्मीजी, थोड़ा सा तो..." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला परत बसवलं. कोणीतरी पाण्याचे पेले फिरवायला लागलं. आता ही दुपार अशीच नासणार, असं मला वाटलं.

शिवानीनेच ती वाचवली. खुर्चीतूनच म्हणाली, "एक खेल मैं सिखाऊँ? हमारे किचन का है." आणि सगळ्यांना गोलात उभं केलं. एक पाय उचला, डोळे मिटा. मी उखाणा म्हणेन, तो संपेपर्यंत जी उभी राहील ती जिंकली. तिचा उखाणा मराठीतला पहिलाच, अडखळत म्हणत होती, त्यामुळे लांबलाही खूप. आणि काय सांगू, नवऱ्याचं नाव यायच्या आत सगळ्या आउट. बायका पटापट पाय टेकतायत, एकमेकींवर आदळतायत, खिदळतायत. कमलआत्या सगळ्यात आधी गेल्या. खांब धरून उभ्या राहिल्या आणि वाकून डावा घोटा चाचपायला लागल्या.

मग म्हणाल्या, "माझा डावा कित्येक वर्षं असाच आहे. मला वाटलं वय झालं."

त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. एकेकीचा घोटा बोलायला लागला. एक म्हणाली, मी जिन्यावरून उतरताना कठडा सोडतच नाही. एक म्हणाली, उंच चपला कपाटात पडून आहेत. एकीने ओंकारेश्वरची परिक्रमा दरवर्षी टाळली होती, घरी सांगत होती की वेळ नाही. त्यातल्या बऱ्याच जणी आमच्या काळातल्या फुगडीबहाद्दर. सगळ्यांचे पाय कधी ना कधी मुरगळले होते, चोळले गेले होते, आवळून बांधले होते, आणि पुढच्या मंगळवारी नाचले होते. प्रत्येकीला वाटत होतं, हे आपल्याच एकटीचं आहे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कमलआत्या खुर्ची ओढून शिवानीशेजारी बसल्या. तिच्या पायाकडे बघत विचारलं, "ती ट्यूब कशी बांधतेस गं? दाखव मला."

हिवाळ्यात चाचणी झाली. मी मैदानाच्या जाळीबाहेर, शाल पांघरून. दौडीची मला काळजी नव्हती, मैदान सपाट होतं. माझा जीव लांब उडीत अडकला होता, कारण उडी मारणं सोपं, उतरणं अवघड. ती धावत आली, फळीवरून उचलली गेली आणि वाळूत दोन्ही पाय आले. उजवा, मुरगळलेला, आधी. मी जाळी इतकी घट्ट धरली की बोटांवर वळ उठले. ती पुढे झुकली, उठली, पाय झटकून वाळू काढली आणि मान वर करून मला शोधलं. शारीरिक चाचणी ती पास झाली. अंतिम यादी अजून लागायची आहे, आमच्या सरकारी याद्या त्यांच्या मर्जीने लागतात. पण पाय तिच्याजवळ आहे. यादी आज लागली नाही तरी पुढच्या भरतीला तो तिला नेईल.

माझा घोटा काही नवा झाला नाही. तीस वर्षांचं दुखणं एका वर्षात जात नाही, मॅडमने तसं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण आता तो आत वळू लागला की मला आधी कळतं आणि मी त्याला अडवते. बाहेर जाताना पट्टा बांधते. ओट्याशी रोज उभी राहते, कुकर असो नसो. कमलआत्या इंदूरला खिडकीचा गज धरून उभ्या राहतात आणि फोनवर आपली प्रगती सांगतात, वर विचारतात, "तू किती वेळ उभी राहतेस?" मी खरं सांगत नाही. त्यांना वाईट वाटेल.

परवाच्या मंगळवारी शिवानीची दुसरी मंगळागौर झाली. या वेळी ती नऊवारी खोचून मैदानात उतरली, आणि झिम्मा, पिंगा, कोंबडा, सगळं तिने केलं. सतरंजीचे काठ मी आधीच चिकटपट्टीने जमिनीला चिकटवून टाकले होते. सगळ्या दमून बसल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि अढी घालून हात पुढे केले.

मी म्हटलं, नको गं, मला नाही जमणार. ती हात तसेच धरून उभी. मग मी पट्टा घट्ट केला आणि तिच्या पावलांना पावलं भिडवली. मागे रेलले. हळूहळू फिरायला लागलो. पहिल्या वेढ्यातच माझी नजर खाली गेली, तीस वर्षांच्या सवयीने, आणि हॉल गरगरला.

"मम्मीजी, नीचे मत देखिए," ती म्हणाली. "मेरी तरफ़ देखिए."

मी वर बघितलं. तिचा चेहरा घामेजलेला, कुंकू पसरलेलं, हसू फुटू घातलेलं. मागे खिडक्या, बायका, आत्या, सगळं फिरत होतं आणि तिचा चेहरा जागच्या जागी होता. वेग वाढला. मध्येच उजवा घोटा डगमगला. मला कळलं, तिलाही कळलं. तिने माझे हात आवळले. मी खाली बघितलं नाही.